देवूबाबांची गोल्फ पँट

वत्सलाने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि अर्धी बाटली सरळ कोऱ्या पँटच्या आत ओतली.

"अहो मावशी!" मितेश काउंटरमागून उठलाच. बोईसर स्टेशनाजवळच्या दुकानात तो एक्स्पोर्टचा उरलेला माल विकायचा. गिऱ्हाईक कपडा ओढून बघतं, चुरगाळून बघतं, नाकाला लावून बघतं, हे सगळं त्याला पाठ होतं. हे मात्र नवीन होतं. "वॉटरप्रूफ आहे, सांगितलं ना! आणि पाऊस बाहेरून पडतो, आतून नाही."

पँटची बैठक वत्सलाने दोन्ही हातांनी झोळीसारखी धरली होती. खाली स्टुलावर वर्तमानपत्र पसरलं होतं. ती त्या कागदाकडे बघत राहिली.

पँट तिच्या सासऱ्यांसाठी होती. देवूबाबांना वर्षभर लघवी धरवत नव्हती. बोईसरजवळच्या दांडी गावच्या किनाऱ्यावर चाळीस वर्षं होड्या दुरुस्त केलेला हा माणूस. नातीच्या, दीपिकाच्या साखरपुड्यात तो वाणगावच्या व्याह्यांच्या नव्या सोफ्यावरून उठला आणि सगळ्यांनी आधी सोफ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून बाबांनी उंबरा ओलांडला नव्हता. औषधाच्या दुकानातले डायपर त्यांनी टराटरा फाडून टाकले होते. "मी काय तान्हा हाय?"

परवा लेकीचं, दीपिकाचं लग्न. बाबांनी येणार नाय म्हणून सांगून टाकलं. वत्सलाचा नवरा म्हणाला, "ऱ्हाऊ दे त्यांना घरीच. साखरबाई शेजारीच हाय, बसेल सोबतीला." सुटल्यासारखा म्हणाला.

वत्सलाला राग आला नाही की वाईट वाटलं नाही. आधी कीव येते, मग चीड येते, मग काहीच येत नाही, नुसती बादली भरायची आणि चादर बुचकळायची. वर्षभर तिचं असंच चाललं होतं. लग्नाच्या याद्या ती करत होती, हसायचं तिथे हसत होती. पण म्हाताऱ्याला कुलूपबंद सामानासारखं मागे टाकून मांडवात उभं राहायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

साधी रेनकोटची पँट तिने आधीच नेऊन पाहिली होती. पाऊल टाकलं की ती चरचर वाजे. बाबांनी चार पावलांत सोडून फेकली. म्हणून आज तिने मितेशला पहिल्यांदा हेच सांगितलं होतं, "आवाज नाय झाला पायजे, भाऊ. आन दिसाला साधी पायजे."

"मग ही घ्या, गोल्फवाल्यांची. बॉल मारताना कपडा वाजला तर साहेबांचं लक्ष उडतं म्हणे." त्याने कापड कापडावर घासून दाखवलं. खरंच, हूं की चूं नाही. गडद निळी, घोट्याशी आवळायला पट्टी. खिशाची शिवण जरा वाकडी गेली होती, म्हणून तर ती बोईसरात होती. "पण तुमच्यात गोल्फ कोण खेळतं?"

"सासरे."

मितेश खो खो हसला. वत्सला हसली नाही.

पाच मिनिटं झाली. वर्तमानपत्र कोरडं ठणठणीत.

"किती?"

"सातशे."

"पाचशे. ओली हाय."

"तुम्हीच केली ना ओली!" मितेशने कपाळाला हात लावला, पण दिली.

पँट घरी परसात वाळवायची, मग दाखवायची, असं तिच्या मनात होतं. पण देवूबाबा दाराच्या आतल्या बाजूला खुर्चीत बसलेलेच होते. त्यांनी पिशवी ओढून घेतली.

"लग्नासाठी नवी पँट," वत्सलाने वाटेत जुळवलेलं वाक्य म्हटलं. "फॉरेनची हाय."

बाबांनी पँटच्या आत हात घातला. आत ओलं होतं. बाहेरून हात फिरवला. कोरडं. त्यांनी अंगठा बैठकीच्या शिवणीवरून सावकाश नेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आता फाडणार, वत्सलाला वाटलं.

"किती वेळ ठेवलंस पाणी?"

"पाच मिनटं."

"आमी दिवसभर ठेवायचो. होडी लोटाच्या आदी आतून पाणी भरायचं. बाहेर थेंब दिसला, तिथं फट." त्यांनी शेजारचा तांब्या उचलला. "धर नीट. दोनी हातानं."

तिने बैठक झोळीसारखी धरली. बाबांनी तांब्या रिकामा केला. सासरा आणि सून फरशीकडे बघत बसले. बाहेर सुकट वाळत होती, कोणीतरी कावळे हाकलत होतं. बराच वेळ काही झालं नाही.

मग फरशीवर एक थेंब पडला.

बाबा दचकले. त्यांनी वाकून शिवण चाचपली, घडी चाचपली, पट्टी चाचपली. सगळं कोरडं होतं. तेवढ्यात दुसरा थेंब पडला, तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"डोळे पूस, पोरी," ते म्हणाले. "पँट गळत नाय. परवा लोटा होडी."