बाटलीचा खटला

“‘पूर्वी कधी शिक्षा झाली आहे काय?’ इथं ‘नाही’ लिहितो,” नरहरी अर्जनवीस म्हणाला.

“‘हो’ लिवा,” हिरा म्हणाली.

पालघरच्या मामलेदार कचेरीबाहेर नरहरीचं पेन थबकलं. ही बाई नागरिकत्व मागायला आली होती आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेत होती.

हिराचा जन्म कराचीचा. बारा वर्षांपूर्वी बळवंत तांडेलशी लग्न होऊन ती पालघरजवळच्या माहीमच्या कोळीवाड्यात आली. गेल्या साली पाकिस्तानशी लढाई झाली आणि दारात पोलीस आले. नागरिकत्व घे, नाहीतर परत जा. कराचीत आता तिचं कोणी उरलं नव्हतं. इथं दोन मुलं होती.

खटला तरी काय! नवी होडी पाण्यात ढकलताना तिच्या तोंडावर दारूची धार सोडायची, हा तांडेलांच्या घरचा रिवाज. इथं दारूबंदी आहे हे नव्या नवरीला कुणी सांगितलंच नाही. पूजेच्या ताटात नारळाशेजारी बाटली उभी करून ती भरदिवसा फौजदारासमोरून चालत गेली. कोर्ट उठेपर्यंत कैद झाली. कोळीवाडा अजून हसतो.

“अगो, त्यांना कुटं ठाव हाय?” बळवंत कळवळला. “कशाला उकरतंस?”

तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “लिवा, भाऊ.”

आत कारकुनाने अर्ज वाचून तोंड वाकडं केलं. “शिक्षा झालेली आहे. अवघड आहे, बाई. बरं, इतकी वर्षं इथं राहता, त्याला पुरावा?”

बळवंतचा चेहरा उतरला. लग्नाचा कागद नव्हता. रेशनकार्डावर सासऱ्याचं नाव, पुढे नुसतं ‘माणसं सहा’. शाळेत मुलांच्या नावापुढे बापाचं नाव. कराचीहून आणलेला पासपोर्ट उधाणात घराबरोबर गेला. बारा वर्षं ती मासळी सुकवत, विकत राबली आणि सरकारदरबारी तिचं नाव कुठंच नव्हतं.

हिराने कमरेची पिशवी सोडली. पिवळा पडलेला एक कागद जपून उलगडला आणि टेबलावर ठेवला. कोर्टाचा निकाल होता. कारकून वाचू लागला, “आरोपी हिरा बळवंत तांडेल, राहणार माहीम, सन एकोणीसशे पंचावन्न...”

तो वाचायचा थांबला.

“सायेब, मी हितली नाय,” हिरा म्हणाली, “तर सरकारानं तवा धरलं कोनाला?”