टाळांची पिशवी

गेल्या वर्षी सप्ताहात भजन म्हणताना ग्यानोबाचा दम कोंडला, तेव्हापासून फुप्फुसाच्या दुखण्यानं त्याला उंबऱ्याआतच बसवलं होतं. "तुझ्याबिगर कसला सप्ताह? यंदा न्हाईच," असं भजनातला जोडीदार व्यंकट सांगून गेला, तेव्हा ग्यानोबाला आतून बरंच वाटलं. आज दिवेलागणीला कस्तुराबाईनं न मागताच वाफेची मशीन लावली, नवऱ्याच्या तोंडावर मास्क चढवला. मशीनच्या घरघरीत दुसरं काहीच ऐकू येत नसे. तेवढ्यात लाइट गेली, मशीन थांबली अन् देवळातल्या सप्ताहाचा हरिपाठ घरात शिरला. त्यात ग्यानोबाच्याच तडकलेल्या टाळांचा बसका आवाज होता. त्यानं खुंटीवरची टाळांची पिशवी उपडी केली, तर स्टीलच्या दोन वाट्या पडल्या. "तुमच्या जिवापायीच केलं वो," ती पुटपुटली. "दम गेलाय माझा, कान न्हाई गेले." लाइट आली, मशीन घरघरली. ग्यानोबानं धापा टाकतच बटन बंद केलं.