मास्तरांचं बंद घड्याळ

"याले काहीच झालं नाही, ताई." हरिसिंगनं डोळ्यावरचं भिंग काढलं आणि घड्याळ रूपाच्या हातात ठेवलं. "चावी दिली अन् चालू झालं. अजून वीस साल कुठी जात नाही."

हे ऐकून रूपाला बरं वाटायला हवं होतं. पण तिनं घड्याळ उलटंसुलटं करून पुन्हा कानाला लावलं.

रिसोडच्या त्या टीचभर दुकानात आता मोबाइलची कव्हरं आणि चार्जरच टांगलेले होते. घड्याळाचं टेबल कोपऱ्यात सरकलं होतं. "मोबाइल आल्यावर घडी घालते कोण? अन् चावीची घडी त मी दोन सालानंतर खोलली," हरिसिंग सांगत होता. रूपाचं लक्ष नव्हतं. तीन वर्षांपासून तिचे सासरे, शाळेतून निवृत्त झालेले ग्यानबा मास्तर, मनगटावर हे बंद घड्याळ बांधून केनवड गावभर फिरत होते. घरात सगळ्यांना वाटायचं, ते बिघडलंय. म्हणून तर तिच्या नवऱ्यानं, उत्कर्षनं, त्यांना मोबाइल घेऊन दिला होता. तो खिशात असतानाही मास्तर रोज सकाळी शाळेच्या रस्त्यावर, लिंबाखालच्या बाकावर जाऊन बसत आणि येणाऱ्या पोरांना वेळ विचारत.

रूपा त्या वेळी अंगणवाडीत असे. तिला हे सांगितलं शेजारच्या तुळसाबाईनं. "तुहे सासरे इसरभोळे होऊन राह्यले वं. एक पोट्टी टाइम सांगून गेली का लगेच दुसरीले इचारतात. मी ओट्यावरून पाह्यते ना रोज."

तेव्हा रूपानं ते हसण्यावारी नेलं होतं. घड्याळ बंद आहे, माणूस विचारणारच. पण घड्याळ तर धडधाकट निघालं. त्याला रोज फक्त चावी द्यायची होती, आणि तेवढंही मास्तरांच्या लक्षात राहत नव्हतं. तिच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी गॅस विसरली, मग गल्ली. शेवटी रूपालाच विचारू लागली, "तू कोनाची वं?"

त्याच संध्याकाळी तिनं अकोल्याच्या डॉक्टरांचा नंबर मिळवला.

मास्तरांना घड्याळ देताना ती म्हणाली, "मामाजी, चालू झालं पाहा. आता कोनाले इचारा नाही लागत."

मास्तरांनी ते कानाशी नेलं. "बरं केलं बेटा," ते म्हणाले. पण त्यांचा चेहरा खेळणं काढून घेतलेल्या लेकरासारखा झाला होता.

दुसऱ्या दिवशी रूपा अंगणवाडीत मदतनीसबाईला पुढं पाठवून मास्तरांच्या मागं गेली. पिठाच्या गिरणीच्या भिंतीआड उभी राहिली. साडेनऊ होऊन गेले होते. मास्तर बाकावर बसले. डावीउजवीकडं पाहून त्यांनी घड्याळ मनगटावरून काढलं, चावी ओढली आणि काटे गरगर फिरवले. मग सव्वातीनवर ते सोडून दिले.

रूपाच्या डोळ्यांत पाणी आलं. कालच लावून आणलेलं घड्याळ त्यांनी स्वतःच्या हातानं बिघडवलं होतं. तिनं डॉक्टरांचा नंबर लावला. नुसती रिंग वाजत राहिली.

तेवढ्यात चौथीतली मंजू दप्तर उडवत आली. "जय भीम, आजोबा."

"जय भीम. मंजू, पाय बरं, घडी गडबडली माही. किती वाजले?"

मंजूनं विचारलंसुद्धा नाही. सरळ मास्तरांच्या खिशात हात घालून मोबाइल काढला. "नऊ बेचाळीस."

"हे त मोबाइलनं सांगतलं. आता तू घडीले सांग."

मंजू बाकावर चढून बसली. घड्याळ मांडीवर घेतलं, जीभ दातात धरली आणि चावी फिरवू लागली. "लहान काटा नवाच्या पुढं गेला. दहाच्या जवळ हाय, पन दहावर नाही. मोठा आठावर नेला का झाले चाळीस. अन् दोन बारीक घरं पुढं."

"मंग शाळेची घंटी व्हाले किती बाकी?"

तिनं बोटं मोजून हिशेब केला. "अठरा मिनिटं."

"पळतं का चालतं?"

"चालतो. पाच मिनिटाची त वाट हाय." तिनं घड्याळ कानाला लावलं आणि डोळे मोठे केले. "आजोबा, आज त हे टिकटिक करून राह्यलं."

"करू दे. सुनेनं नीट करून आनलं. कोनाले सांगू नको."

मंजू तोंडावर हात ठेवून हसली आणि ऐटीत चालत निघाली. तिच्यापाशी अठरा मिनिटं होती, त्यातली पाच खर्च व्हायची होती. वळणावर दुसरीतली सुकेशनी दिसली. मास्तरांनी घाईघाईनं चावी ओढली, काटे पुन्हा गरगर फिरवले आणि घसा खाकरला. "सुकेशनी, पाय बरं, घडी गडबडली माही."

तिच्या मागं दोघं येत होते. त्यांच्याही मागं एक.

रूपा भिंतीला टेकून डोळे पुसत हसत होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. अकोल्याहून दवाखान्यातली बाई बोलत होती. "तुमचा फोन आला होता. पेशंटले काय त्रास हाय?"

"काही नाही जी," रूपा म्हणाली. "मास्तर रिटायर झाले, असं आमाले वाटलं होतं."