पेजेचं कार्ड

"पेज शून्यावर आण," राजेश म्हणाला. "आजच. शनिवारी स्पर्धा आहे, मला तोंडघशी पडायचं नाहीये."

अपूर्वाने मान हलवली. 'पेज' हे तिचं कार्ड होतं.

मरोळच्या त्या गाळ्यात खालच्या कारखान्यातून दिवसभर उदबत्तीचा वास वर यायचा. वर पाच-सहा जण मिळून 'गडकोट' हा मोबाइलवरचा कार्डांचा खेळ चालवत. शेकडो कार्डांतून निवडून आपला संच बांधायचा आणि समोरच्या अनोळखी खेळाडूचा गड पाडायचा. कुठलं कार्ड डोईजड झालंय, कुठलं कुचकामी, ते पाहून राजेशची टीम त्यांची ताकद कमीजास्त करायची. अपूर्वा तिथे प्रोबेशनवर होती. तिचं हे एकच कार्ड खेळात गेलं होतं.

तेही असं की सगळे खोखो हसले होते. तोफा, सुरुंग, घोडदळ आणि मधेच पेजेची वाटी! ते कार्ड टाकलं की दोन्ही गडांची ताकद थोडी वाढायची. आपलीही आणि शत्रूचीही.

"शत्रूला कोण जेवायला घालतं गं?" शेजारच्या टेबलावरच्या नितेशने विचारलं होतं.

"आमच्याकडे दारात येईल त्याला घालतात," ती म्हणाली होती आणि स्वतःच ओशाळली होती.

ते कार्ड अर्थातच कुणी हातात धरेना. गणपतीत मुलुंडला घरी गेली तेव्हा ती आईसमोर रडली. हे कार्ड चाललं नाही तर मला काढतील, म्हणाली. रत्नप्रभाबाईंना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. मग अपूर्वाने त्यांच्या मोबाइलवर खेळ उतरवून कार्डाचं चित्र दाखवलं. "वाटी आमचीच गे," त्या म्हणाल्या आणि पानं वाढायला उठल्या. अपूर्वा अंधेरीच्या भाड्याच्या खोलीवर परतली ती आणखीच खचून.

आणि आता तेच कार्ड दहातले नऊ डाव जिंकत होतं.

डाव फार नव्हते. पण हार-जितीचा तक्ता खोटं बोलत नाही, असं राजेश नेहमी म्हणायचा. ज्या संचात पेज, तो संच जिंकला. शिवाय गड पाडून नाही. पेज पडली रे पडली की समोरचा शरण यायचा.

"कुणाला तरी दोन कार्डांची भन्नाट जोडी सापडलीय," राजेश म्हणाला. "पेज दिसली की समोरच्याला कळतं, आपली वाट लागली. आज थोडे खेळतायत, शनिवारी सगळे खेळतील. मग उरलेली सगळी कार्डं कचऱ्यात."

अपूर्वाने जीव घट्ट करून कात्री चालवली. पेज टाकणाऱ्याला आता काहीच मिळणार नव्हतं. ताकद वाढणार ती फक्त शत्रूची. असं कार्ड संचात ठेवणं म्हणजे निव्वळ मूर्खपणा होता. बदल खेळात गेला तेव्हा तिला आपल्या हाताने आपल्याच पोराच्या गळ्याला नख लावल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तक्ता उघडला. पेज दहातले दहा जिंकत होती.

राजेश ओरडला नाही, ते जास्त वाईट होतं. "संध्याकाळपर्यंत कारण शोध," तो म्हणाला. "नाहीतर कार्ड काढतो. आणि मग तुझंही बघावं लागेल, अपूर्वा. सॉरी."

ती ऑफिसच्या मशीनसमोर बसली. नवं काही तपासायचं तर तिथेच, मशीनशी खेळून, अशी त्यांची पद्धत होती. पेज आणि सुरुंग. हरली. पेज आणि चोरवाट. हरली. पेज आणि फितूर किल्लेदार. मशीनचा गड पेज पिऊन पिऊन असा काही माजला की तिचा गड भुईसपाट झाला. जोडी कुठेच नव्हती. डोळ्यांत पाणी यायला लागलं आणि तिला स्वतःचाच भयंकर राग आला. स्वतःच केलेलं कार्ड, आणि ते कसं जिंकतंय हे जगात फक्त तिलाच कळत नव्हतं.

फोन वाजला. आई.

"चेडवा, जेवलंस मां?"

"आई, नंतर बोलू."

"नाय, तुझा ता कामाचा..."

"आई, मी मरतेय इथे! ठेव ना फोन!"

पलीकडून फोन बंद झाला. अपूर्वाला कसंतरीच झालं, पण त्याचं वाईट वाटून घ्यायलाही वेळ नव्हता.

नितेशने खुर्ची तिच्याकडे सरकवली. "मशीनशी काय डोकं फोडतेस यार? बाहेर जा ना, खऱ्या खेळात. माणसांशी खेळ."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. इतक्या दिवसांत हे कुणालाच सुचलं नव्हतं. तक्त्यात कार्डं दिसायची, खेळणारी माणसं नाही.

"पेज ज्याच्या संचात असेल त्याच्याच समोर तुला बसवतो," नितेश म्हणाला आणि त्याने काहीतरी टाइप केलं.

अपूर्वाने स्वतःच्या मोबाइलवर खेळ उघडला. कोण असेल हा महाभाग? दिंडोशीचा कुणी कॉलेजकुमार, नाहीतर कुणी मुरलेला खेळाडू, ज्याने तिच्या साध्या पेजेचं हत्यार केलं आणि तिच्या नोकरीवर गदा आणली. तिला त्याचा चेहरा बघायचा होता.

समोरचा खेळाडू मिळाला. डाव सुरू होण्याआधी समोरच्याने स्वतःबद्दल लिहिलेली ओळ पडद्यावर येते. बहुतेक जण तिथे 'तुझा गड गेलाच समज' छापाच्या फुशारक्या मारतात. अपूर्वाने दात आवळून वाचलं:

'माका खेळूक येना नाय. ह्या पेजेचा पान माझ्या चेडवान केल्यान. ता चलला नाय तर तेका कामावरसून काढतले. वायच सांभाळून घेवा.'