डबी आणि दुपारचा रेडिओ

सासऱ्यांचं, म्हणजे बाबुरावांचं इन्सुलिन प्रवासात गार राहावं म्हणून अक्षता वारज्याच्या घरी एक डबी बनवत होती. वीज मिळाली की एका अंगाने गार पडणारी पट्टी तिने डबीत बसवली होती. आत पाण्याची बाटली ठेवून चाचणी सुरू होती, पण आठवडाभर एकच रड होती. ती कामावर असताना रोज दुपारी एक ते दोन डबी कोमट व्हायची, हे आतल्या तापमापकाच्या नोंदीत दिसायचं. तिने पट्टी बदलली, पंखा बदलला, सर्किट दोनदा नव्याने केलं. शेवटी सुट्टीच्या दिवशी ती डबीसमोरच ठाण मांडून बसली.

बरोबर एक वाजता बाबुराव आले. त्यांनी डबीचं बटण बंद केलं आणि रेडिओ लावला.

"अहो बाबा!"

"तुझी डबी चालू असली की रेडिओ खरखरतो," चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेले बाबुराव म्हणाले. "गाणी काय, तासभरच असतात."

अक्षताने कपाळावर हात मारला. जागा वाचावी म्हणून खरखर अडवणारा फिल्टर तिनेच काढून टाकला होता. "मग सांगायचं ना! एक कॉइल लावली असती."

"इंजिनिअरबाईंना आम्ही काय सांगणार?"

कॉइलसाठी तांब्याची तार शोधायला तिने त्यांच्या हत्यारांचा खण उघडला. वरच एक नवीकोरी गुंडाळलेली कॉइल होती, नेमकी डबीत मावेल एवढी. बाबुराव आपल्या दुकानात दुरुस्तीच्या प्रत्येक रेडिओला बांधायचे तशी त्या कॉइलला चिठ्ठी बांधली होती: 'अक्षताची डबी. विचारलं की देणे.' खाली तारीख होती, चाचणीच्या पहिल्याच दिवसाची.