झुलालच्या नावाची मूठ

"माणूसगणती सव्वा मूठ गहू. पहिले नाव ले, मंग सूपमा टाक."

सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं, तरी श्रावणातल्या कानबाई देवीच्या रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू मोजताना सुंदरबाईंना तोच आवाज ऐकू आला. त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं, जीवराम. मग दिराचं, लीलाधर. दोन्ही लेकांची झाली. पुढची मूठ भरून त्या हळूच म्हणाल्या, "झुलाल."

धुळ्याच्या कचेरीतून सणाला आलेल्या लीलाधरनं वर पाहिलं. "नाल्यापलीकडचा तो पेंढारी? वहिनी, रोट भाऊबंदांबाहेर जात नाही."

"म्हणून तर नाव घेतलं, भाऊ."

"अहो, पेंढारी म्हणजे लुटारू! फौजेमागून यायचे आणि गावं लुटायचे."

"लुटली असतील. पगार कुठे होता त्यांना? पण सासूबाई सांगायच्या, फौजेच्या घोड्यांना गवताच्या पेंढ्या आणायचे, त्यावरून पेंढारी." सुंदरबाईंची मूठ अजून मिटलेलीच होती. "तुम्ही लहान होता तेव्हा, छपन्याच्या दुष्काळात, आपल्या गोठ्यात पेंढ्या कुणी टाकल्या? चार महिने, सातपुड्यातून, डोक्यावर. बैल जगले म्हणून पेरणी झाली. तुमची शाळाही."

"मग त्याला धोतरजोडी द्या."

"दिली होती. घेतली नाही. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, तू माझा लेक, कानबाईला तुझ्या नावाची मूठ पडेल. भाऊबंदांच्या धाकानं ती कधी पडली नाही. जाताना माझ्याकडून शब्द घेतला त्यांनी. झुलालभाऊ आता काठीवर आलेत. पुढचा श्रावण कुणी पाहिलाय?"

"उद्या एकही भाऊबंद पंगतीला यायचा नाही."

ओसरीवर दोर वळत बसलेला जीवराम पहिल्यांदाच बोलला. "नको येऊ देत. आपणच पोटभर खाऊ."

लीलाधरला हसू आवरलं नाही. सुंदरबाईंनी मूठ उघडली. वर पाव मूठ टाकली. सूप देव्हाऱ्यापुढे ठेवून हात जोडले. उपासामुळे सकाळपासून तोंडात पाण्याचा थेंब नव्हता, पण चेहरा जेवून तृप्त झाल्यासारखा दिसत होता. डोक्यावर पदर घेऊन त्या अनवाणीच पायरी उतरल्या.

"आवतणच द्यायचं ना? गड्याला पाठवा की, वहिनी."

"भावाला आवतण गड्याकरवी देतात का?"

नाल्याला गुडघाभर पाणी होतं. त्यांनी लुगडं वर खोचलं आणि पाय आत टाकला.