कोळशाच्या चार रेघा

“यात माणूस कुठाय?” माझ्या पहिल्याच प्रदर्शनात पुन्हा कुणीतरी तेच विचारलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. आजोबांचं हे चित्र माझं सगळ्यात लाडकं. सगळ्या मिळून कोळशाच्या चार रेघा. वाकलेल्या पाठीची रेघ तर मी हात न उचलता एका दमात ओढली होती. चेहरा काढलाच नव्हता.

गावाहून आलेली आई शेजारीच उभी होती. “तुला तरी कळतंय का गं काही?” मी तिच्यावरच चिडले.

तिची नजर त्या पाठीवरून हळूहळू काठीच्या रेघेपर्यंत उतरली आणि तिथेच थांबली.

सासरे ओसरीवर आले की घ्यायची, तसाच तिने चटकन डोक्यावरून पदर घेतला.